शेजारी गेले, बास्क राहिली

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेत ज्यांचे पार्थिव ठेवले आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांना गोवेकर ‘गोंयचो सायब’ म्हणतात. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले आणि काही महिन्यांतच दक्षिणेला, मोती काढणाऱ्या परवर कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेले. तिथल्या कामाची हकीकत त्यांनी जानेवारी १५४४ मध्ये कोचीनहून रोमच्या सहकाऱ्यांना पत्राने कळवली. सुरुवातीची अडचण त्यांनी साध्या शब्दांत मांडली आहे: या लोकांची मातृभाषा मलबारी आणि माझी बिस्काइनी, त्यामुळे ना त्यांचे मला कळे, ना माझे त्यांना. ‘मलबारी’ म्हणजे इथे तमिळ. आणि ‘बिस्काइनी’ म्हणजे त्या काळच्या बोलण्यात बास्क. आपण ज्यांना पोर्तुगीजांबरोबर आलेले स्पॅनिश पाद्री म्हणून ओळखतो, त्यांची जन्मभाषा स्पॅनिश नव्हती आणि पोर्तुगीजही नव्हती. १५०६ साली नाव्हारातल्या ज्या गढीत त्यांचा जन्म झाला, तिच्या नावावरून त्यांना झेवियर म्हणू लागले. आणि ते नाव बास्कमधल्या ‘एचे बेरी’, म्हणजे ‘नवे घर’, या जोडीपासून आले आहे. मुंबईतल्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या नावात युरोपातली एक अत्यंत जुनी भाषा अशी लपून बसली आहे.

बास्क लोक आपल्या भाषेला ‘एउस्कारा’ म्हणतात. पिरेनीज पर्वताचे पश्चिम टोक जिथे बिस्केच्या उपसागराला भिडते, तिथे स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना ती बोलली जाते. स्पेनच्या बाजूला बिस्काया, गिपुस्कोआ, आराबा आणि नाव्हारा; फ्रान्सच्या बाजूला लापुर्दी, खालचा नाव्हारा आणि सुबेरोआ. असे हे सात प्रांत आणि सुमारे आठ लाख बोलणारे. आकडा लहान आहे, पण भाषाशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात बास्कचे नाव येते. कारण एकच: तिचे कोणत्याही ज्ञात भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही.

याचा अर्थ मराठी वाचकाला चटकन कळण्यासारखा आहे. आपण दोन, तीन, सात, दहा म्हणतो. स्पॅनिश माणूस दोस, त्रेस, सिएते, दिएस म्हणतो. हजारो मैलांचे आणि हजारो वर्षांचे अंतर पडूनही एका घरचा चेहरा दिसतोच, कारण दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या. याच स्पॅनिश माणसाच्या शेजारी राहणारा बास्क शेतकरी मात्र बी, हिरू, सास्पी, हामार असे मोजतो. म्हणजे स्पॅनिशला दूरची मराठी जवळची आहे आणि डोंगरापलीकडची बास्क परकी. हंगेरियन आणि फिनिश याही युरोपात इंडो-युरोपीय कुळाबाहेरच्याच भाषा. पण त्या एकमेकींच्या नात्यातल्या आहेत आणि त्यांचे इतर भाऊबंद रशियापर्यंत पसरले आहेत. बास्कला तेवढेही कोणी नाही.

तिचे व्याकरण फार अवघड आहे असे सांगण्याची प्रथा आहे. युरोपीय माणसाला ते अवघड वाटतेही. आपल्याला त्यातला एक भाग ओळखीचा वाटावा. ‘माणूस आला’ आणि ‘माणसाने भाकरी खाल्ली’ या वाक्यांत कर्ता तोच, पण दुसऱ्या वाक्यात त्याला ‘ने’ लागतो. बास्कमध्ये ‘गिसोना एतोरी दा’ म्हणजे माणूस आला, आणि ‘गिसोनाक ओगिआ हान दू’ म्हणजे माणसाने भाकरी खाल्ली. शेवटचा ‘क’ आपल्या ‘ने’चे काम करतो. मराठीत हे भूतकाळापुरते; बास्कमध्ये सगळ्या काळांत. बास्क क्रियापदाची आणखी एक करामत अशी, की कर्ता, कर्म आणि ज्याच्यासाठी कृती केली तो, असे तिघेही क्रियापदात सामावतात. ‘मी ते त्याच्याकडे आणतो आहे’ हे सगळे ‘दाकार्किओत’ एवढ्या एका शब्दात मावते. नातेसंबंधांचे शब्दही बारकाईचे: बाईच्या बहिणीला ‘आहिस्पा’, तर पुरुषाच्या बहिणीला ‘आरेबा’.

या साम्यावरून कोणी मराठी आणि बास्कचे नाते जोडायला जाऊ नये. कर्त्याला असा प्रत्यय लावणाऱ्या भाषा जॉर्जियात आहेत, तिबेटात आहेत, ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांत आहेत आणि ग्रीनलंडमध्येही आहेत. मानवी भाषांकडे वाक्य बांधण्याच्या वाटा मोजक्याच, त्यामुळे एकमेकींना कधी न भेटलेल्या भाषाही एकाच वाटेने जातात. हे ठाऊक नसलेल्या, किंवा ठाऊक असूनही मोह न आवरलेल्या, लोकांनी बास्कच्या कुळाचा शोध चार शतके चालवला आहे.

सोळाव्या शतकात एस्तेबान दे गारिबाय या इतिहासकाराने सांगितले की नोहाचा नातू तुबाल याने ही भाषा स्पेनमध्ये आणली, बॅबेलच्या मनोऱ्यानंतर वेगळ्या झालेल्या आद्य भाषांपैकी ही एक. आज हे वाचायला पुराणकथेसारखे वाटते, पण त्यामागे रोखठोक हिशेब होता. आमची भाषा मूळची, आमचे रक्त निर्भेळ, म्हणून आमचे जुने हक्क आणि करांतल्या सवलती अबाधित राहाव्यात, असा बास्क प्रांतांचा राजापुढचा युक्तिवाद या कथेवर उभा होता. १७२९ साली मानुएल दे लारामेंदी या जेझुइट पाद्र्याने बास्कचे पहिले मोठे छापील व्याकरण काढले आणि त्याचे नावच ठेवले ‘अशक्यावर विजय’. या रानटी बोलीला व्याकरण असूच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना ते उत्तर होते.

मग विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट आले. १७९९ आणि १८०१ साली त्यांनी बास्क प्रदेश पाहिला, माणसांशी बोलले, भाषा शिकले. रोमनांच्या आधी स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या इबेरियन लोकांचीच ही भाषा, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि शतकभर तो मान्य राहिला. इबेरियन लोकांचे कोरीव लेख भरपूर सापडले होते, पण लिपी लागत नव्हती. १९२० च्या दशकात मानुएल गोमेस-मोरेनो यांनी ती लिपी उलगडली. आता इबेरियन लेख मोठ्याने वाचता येऊ लागले आणि बास्कच्या मदतीने त्यांचा अर्थ लागेल, अशी सर्वांची अपेक्षा होती. तो लागला नाही. उच्चार ओळखीचे वाटतात, काही प्रत्यय आणि संख्यावाचक शब्द सारखे वाटतात, पण वाक्य म्हणून एक ओळही उघडत नाही. दोन भाषा शेजारी राहिल्या, एकमेकींकडून शब्द आणि सवयी घेतल्या, एवढे फार तर म्हणता येते.

जॉर्जियन, बर्बर, उत्तर अमेरिकेतल्या भाषा, अगदी आपल्याकडच्या द्राविडी भाषा, या सगळ्यांशी बास्कचे नाते सांगणारे लेखन झाले आहे. त्या सगळ्यांची रीत एकच: दोन शब्दकोश शेजारी ठेवायचे आणि सारखे दिसणारे शब्द उचलायचे. कोणत्याही दोन भाषांत असे शंभरभर शब्द सापडतातच. आर. एल. ट्रास्क या भाषाशास्त्रज्ञाने १९९७ च्या आपल्या बास्क इतिहासग्रंथात या याद्यांचा कठोर समाचार घेतला. सर्वांत लोकप्रिय दंतकथा कुऱ्हाडीची. बास्कमध्ये कुऱ्हाड म्हणजे ‘आइस्कोरा’ आणि खडक म्हणजे ‘हाइत्स’; तेव्हा हा शब्द दगडी हत्यारांच्या काळातलाच असणार, असे अजूनही ठिकठिकाणी छापले जाते. गोष्ट मोहक आहे, पण ट्रास्क यांनी दाखवले की ‘आइस्कोरा’ बहुधा लॅटिनमधल्या ‘आस्किओला’ या छोट्या कुऱ्हाडीच्या नावावरून आला आहे. पाषाणयुगाचा म्हणून मिरवला जाणारा शब्द रोमन सुताराकडून घेतलेला निघाला.

मला वाटते, बास्कच्या अभ्यासातला सर्वांत सुंदर भाग इथूनच सुरू होतो. तिला नातेवाईक नसल्याने दोन भगिनीभाषा ताडून मूळ रूप शोधण्याची नेहमीची पद्धत चालत नाही. मग तिचा भूतकाळ कसा कळणार? ही वाट कोल्दो मिचेलेना यांनी दाखवली. १९१५ साली गिपुस्कोआतल्या एरेंतेरियात जन्मलेला हा माणूस स्पेनच्या यादवी युद्धात बास्क सैन्यात लढला, १९३७ साली पकडला गेला आणि त्याला मृत्युदंड झाला. शिक्षा नंतर कमी झाली. १९४३ पर्यंत ते तुरुंगात होते आणि पुढे १९४६ मध्ये पुन्हा दोन वर्षांसाठी आत गेले. कैदेतही त्यांचा भाषेचा अभ्यास चालू होता. ‘बास्कचे ऐतिहासिक ध्वनिशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ १९६१ साली आला आणि तेव्हापासून या विषयावरचे गंभीर काम त्यालाच आधार मानून होत आले आहे.

त्यांची किल्ली होती बास्कमधले लॅटिन शब्द. दोन हजार वर्षांपूर्वी रोमनांकडून बास्कने शेकडो शब्द घेतले, आणि त्या शब्दांचे मूळ रूप आपल्याला लॅटिन पुस्तकांतून नेमके माहीत आहे. म्हणजे भाषेच्या एका टोकाला काय आत गेले आणि दुसऱ्या टोकाला आज काय बाहेर आले, हे दोन्ही दिसते. साखळीला लॅटिनमध्ये ‘कातेना’, बास्कमध्ये ‘कातेआ’. मान म्हणजे ‘होनोरेम’, बास्कमध्ये ‘ओहोरे’. संस्कृतातला ‘दीनार’ ज्या रोमन नाण्यावरून आला, त्याच नाण्यावरून बास्कमध्ये ‘दिरू’ म्हणजे पैसा. दोन स्वरांमधला ‘न’ प्रत्येक वेळी गळालेला दिसतो. स्वरांमधल्या ‘ल’चा ‘र’ होतो: आकाश ‘काएलुम’, बास्कमध्ये ‘सेरू’. शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ बास्क जिभेला चालत नाही, त्याच्या आधी स्वर येतो: राजा ‘रेगेम’चा ‘एरेगे’. आणि शांततेसाठी ‘बाके’. लॅटिन ‘पाकेम’मधला हा ‘क’ स्पॅनिशमध्ये आणि फ्रेंचमध्ये कधीच मऊ पडला, बास्कने तो जसाच्या तसा जपला. हा शब्द घेतला गेला तेव्हा रोमन लोक अजून ‘क’ म्हणत होते.

हे नियम हाती आले की ते अस्सल बास्क शब्दांनाही लावता येतात. द्राक्षाच्या दारूला आज कुठे ‘आर्दो’ म्हणतात, बिस्कायात ‘आर्दाओ’, लापुर्दीत ‘आर्नो’. दारूच्या दुकानाला मात्र ‘आर्दान्देगी’. इथे मधूनच एक ‘न’ डोकावतो. मिचेलेना यांच्या नियमाने पाहिले तर सगळ्यांचे मूळ ‘आर्दानो’ असले पाहिजे, आणि स्वरांमधला ‘न’ गळून प्रत्येक बोलीने आपापली वाट धरली. बाराव्या शतकात सांतियागोच्या यात्रेकरूंसाठी लिहिलेल्या लॅटिन मार्गदर्शिकेत बास्क शब्दांची एक छोटी यादी आहे. देव, भाकरी, पाणी, मांस, मासे अशा वाटसरूला लागणाऱ्या गोष्टींची. त्या यादीत दारूचा शब्द ‘आर्दुम’ असा लिहिला आहे. अनुनासिक अजून पुरता गेला नव्हता. आठशे वर्षांपूर्वीच्या एका यात्रेकरूच्या कानाने टिपलेली ही नोंद नियमाला पाठबळ देते, तेव्हा भाषाशास्त्र हे अंदाजांचे शास्त्र नाही याची खात्री पटते.

याच नियमांच्या उजेडात दुसरा पुरावा उघडला. ज्युलियस सीझरने गॉलचे तीन भाग सांगताना आक्वितानियाच्या लोकांची भाषा वेगळी असल्याची नोंद केली होती. गारोन नदी आणि पिरेनीज यांच्यामधल्या या मुलखात रोमन काळातल्या थडग्यांवर आणि देवांच्या वेदींवर लॅटिन मजकूर कोरलेला आहे, पण त्यांतली माणसांची आणि देवांची नावे लॅटिन नाहीत. माणसांची सुमारे चारशे, देवांची सुमारे सत्तर. नेस्काटो, किसोन, आन्देरे, सेम्बे, ओम्बे. आजच्या बास्कमध्ये ‘नेस्कातो’ म्हणजे मुलगी, ‘गिसोन’ म्हणजे पुरुष, ‘आन्द्रे’ म्हणजे बाई, ‘सेमे’ म्हणजे मुलगा, ‘उमे’ म्हणजे मूल. एकोणिसाव्या शतकातच काहींच्या हे लक्षात आले होते. मिचेलेना यांनी १९५४ साली ते ध्वनिनियमांनिशी पक्के केले. आक्वितानी ही बास्कचीच जुनी अवस्था, किंवा तिच्या अगदी सख्ख्यातली. अशी काही नावे पिरेनीजच्या दक्षिणेलाही, नाव्हारातल्या लेर्गा गावच्या शिळेवर सापडली.

म्हणजे बास्कचा लेखी माग दोन हजार वर्षे मागे जातो. २०२१ साली तो आणखी मागे जाण्याची शक्यता निर्माण झाली. पाम्प्लोनाजवळच्या इरुलेगी टेकडीवर, इ.स.पू. पहिल्या शतकात रोमन सेनानी सेर्तोरियसच्या युद्धात जळालेल्या घराच्या उंबऱ्यापाशी, हाताच्या पंजाच्या आकाराचा एक कांस्य पत्रा मिळाला. बहुधा दारावर ठोकलेला. त्याच्यावर चार ओळी आणि चाळीस चिन्हे. २०२२ च्या नोव्हेंबरात तो जाहीर झाला, तेव्हा पहिला शब्द ‘सोरिओनेकू’ असा वाचला गेला; आजच्या बास्कमध्ये ‘सोरिओनेको’ म्हणजे शुभ, भाग्याचे. बास्क प्रदेशात आनंदाची लाट आली. पुढे काही तज्ज्ञांनी शेवटचे अक्षर ‘कू’ नसून ‘के’ असल्याचे म्हटले, आणि उरलेले शब्द बास्कच्या आधारे लागत नाहीत हेही दाखवले. लेख अस्सल आहे, त्याची भाषा कोणती यावर वाद चालू आहे.

तज्ज्ञ इतके सावध का, याला आधीची एक जखम कारण आहे. २००६ साली आराबातल्या इरुन्या-वेलेया या रोमन वस्तीच्या उत्खननातून खापरांवर कोरलेली बास्क वाक्ये मिळाल्याचे जाहीर झाले होते. बास्क लेखनाचा इतिहास शेकडो वर्षे मागे गेला, असे वर्तमानपत्रांनी लिहिले. पण त्या वाक्यांत शब्दांची रूपे आजची होती. जे ध्वनी त्या काळी गळालेले नसायला हवेत ते गळालेले, जी व्याकरणरूपे नंतर घडली ती आधीच घडलेली. २००८ साली तज्ज्ञ समितीने लेख बनावट ठरवले आणि २०२० मध्ये न्यायालयातही तेच सिद्ध झाले. खोटेपणा उघडा पाडण्यात मिचेलेना यांच्या नियमांचाही वाटा होता.

भाषा या जागी कधीपासून आहे, हा प्रश्न आता प्राचीन डीएनए तपासणारेही विचारतात. २०१५ साली आतापुएर्काजवळच्या गुहेतल्या सांगाड्यांचा अभ्यास झाला आणि आजचे बास्क लोक इबेरियातल्या आरंभीच्या शेतकऱ्यांना सर्वांत जवळचे निघाले. २०१९ च्या मोठ्या अभ्यासाने चित्र गुंतागुंतीचे केले. इ.स.पू. २००० च्या सुमारास पूर्वेकडच्या गवताळ प्रदेशातून आलेल्यांचा वंश इबेरियात मिसळला, पुरुषांकडून पुढे जाणारे वायगुणसूत्र तर जवळजवळ पूर्णपणे त्यांचेच झाले, आणि यातून बास्कही सुटले नाहीत. बास्कांचे वेगळेपण त्यानंतरचे आहे: रोमन आणि उत्तर आफ्रिकी काळातली सरमिसळ त्यांच्यात फारशी झाली नाही. याचा भाषेच्या बाजूने विचार करा. बाहेरून आलेले बाप बहुधा इंडो-युरोपीय बोलणारे होते. मुले मात्र आयांची भाषा बोलू लागली असावीत. नाहीतर बास्क उरण्याचे कारण नव्हते. हा माझा तर्क आहे, पण आकड्यांशी तो जुळतो.

मिचेलेना म्हणत की बास्कचे खरे गूढ तिच्या उगमात नाही, टिकण्यात आहे. मला हे पूर्ण पटते. रोमनांच्या आधी पश्चिम युरोपात बास्कसारख्या आणखी भाषा होत्या. इबेरियन होती, तार्तेसियन होती, इटलीत एत्रुस्कन होती. त्या गेल्या म्हणून बास्क एकटी दिसते. ती एकटी जन्मली नाही.

ती का टिकली याचे नेहमीचे उत्तर ‘डोंगर’ असे आहे, आणि ते अपुरे आहे. रोमन तिथे पोचले होतेच. पाम्प्लोना हे शहर पॉम्पी या रोमन सेनापतीच्या नावाने वसले, आजच्या इरुनजवळ त्यांचे बंदर होते, डोंगरांत खाणी होत्या. पण मुलूख बराचसा शांत राहिला आणि मोठ्या शहरांचे दाट जाळे तिथे उभे राहिले नाही. रोमन सत्ता कोसळली तेव्हा लॅटिन अजून घरोघर मुरली नव्हती. पुढच्या अंदाधुंदीत बास्क मागे हटण्याऐवजी पसरली. पश्चिमेला बिस्काया आणि आराबाकडे ती याच काळात पक्की झाली, असे काही अभ्यासक मानतात. ७७८ साली शार्लमेनच्या परतणाऱ्या सैन्याची पिछाडी रोन्सेस्व्हालेसच्या खिंडीत कापून काढणारे बास्क होते. फ्रेंच महाकाव्याने पुढे त्या जागी मुसलमान घातले. तेराव्या शतकात दूर रिओहातल्या ओहाकास्त्रोच्या खोऱ्यात लोकांना न्यायालयात बास्क बोलण्याचा हक्क होता. आज त्या खोऱ्यात फक्त गावांची आणि ओढ्यांची नावे बास्क आहेत. कातालोनियातले आरान खोरे तर अजून दूर. ‘हारान’ म्हणजेच खोरे.

समुद्रावर मात्र ही भाषा फार लांब गेली. देवमाशांच्या मागे बास्क खलाशी लाब्राडोरच्या रेड बेपर्यंत पोचले. १५६५ साली तिथे बुडालेले त्यांचे जहाज पाणबुड्यांनी शोधून काढले आहे. आइसलंडमध्ये सतराव्या शतकात कोणीतरी बास्क आणि आइसलँडिक शब्दांच्या याद्या लिहून ठेवल्या, त्यांत दोघांच्या व्यवहारातली मोडकीतोडकी मिश्र बोलीही उतरली. १६१५ साली तिथे जहाजे फुटून अडकलेल्या बास्क खलाशांची कत्तल झाली. बास्कांना मारण्याची मुभा देणारा तो जुना हुकूम औपचारिकपणे २०१५ मध्ये रद्द केला गेला.

इतके सगळे होऊनही कागदावर बास्क जवळजवळ नव्हती. नाव्हाराच्या राजांनी आपले दप्तर लॅटिन आणि रोमान्स भाषांत ठेवले. सान मियानच्या मठातल्या सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या पोथीत समासात दोन छोटी बास्क वाक्ये आहेत, आणि पुढे बराच काळ तुरळक शब्दच. पहिले छापील पुस्तक १५४५ साली बोर्दोत निघाले: खालच्या नाव्हारातल्या बेर्नात एचेपारे या पाद्र्याच्या कविता. त्यात देवभक्ती आहे, उघडउघड प्रेमकविता आहेत, स्वतःच्या तुरुंगवासाबद्दल एक कविता आहे, आणि आपली भाषा अखेर जगापुढे आल्याचा आनंद आहे. १५७१ मध्ये नाव्हाराची प्रोटेस्टंट राणी जान द’आल्ब्रे हिच्या आश्रयाने लेइसारागाने नव्या कराराचे भाषांतर केले. १६४३ मध्ये सारा गावच्या आशुलार या धर्मगुरूने ‘गेरो’ म्हणजे ‘नंतर’ हे पुस्तक लिहिले. चांगले काम उद्यावर ढकलण्याच्या खोडीवरचे हे गद्य आजही भाषेचा नमुना मानले जाते.

मग आधुनिक राज्ये आली, आणि ज्या भाषेला रोमन साम्राज्याने धक्का लावला नव्हता तिला शाळामास्तरांनी लावला. १७९४ साली फ्रेंच क्रांतिकारकांपुढच्या एका अहवालात बास्कला धर्मांधतेची भाषा ठरवले गेले. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शाळांत बास्क बोलणाऱ्या मुलाच्या हाती एक अंगठी दिली जाई. दुसरा कोणी बास्क बोलताना सापडला की ती त्याच्याकडे जायची, आणि शेवटी ज्याच्याकडे राहील त्याला मार. मुलाला मुलावर पाळत ठेवायला लावणारी ही युक्ती मला कायद्याच्या बंदीपेक्षा क्रूर वाटते. कायदेशीर बंदी स्पेनचा हुकूमशहा फ्रांको याच्या राजवटीत आली. १९३७ च्या एप्रिलमध्ये गेर्निका हे बास्क गाव बाँबफेकीत बेचिराख झाले; १९३८ च्या आदेशाने जन्मनोंदणीत बास्क नावे बंद झाली; सार्वजनिक जीवनातून भाषा हद्दपार झाली.

या काळात सान सेबास्तियानमध्ये एल्बिरा सिपित्रिया ही शिक्षिका घरच्या खोलीत मूठभर मुलांना बास्कमधून शिकवत होती. अशा लपूनछपून चाललेल्या वर्गांतून ‘इकास्तोला’ नावाच्या शाळांची चळवळ उभी राहिली. पालकांनी पैसे गोळा करून चालवलेल्या शाळा. पण शाळा म्हटली की पाठ्यपुस्तक आले, आणि पाठ्यपुस्तक कोणत्या बोलीत? बिस्कायाची बोली सुबेरोआच्या माणसाला नीट कळत नाही. नेपोलियनचा पुतण्या लुई-ल्युसियाँ बोनापार्त याने १८६३ साली बोलींचा जो नकाशा काढला, त्यात हा पसारा स्पष्ट दिसतो. १९१९ मध्ये स्थापन झालेली भाषा अकादमी हा प्रश्न जवळपास पन्नास वर्षे टाळत आली. १९६८ साली अरान्त्सासूच्या मठात बैठक झाली, आणि मिचेलेना यांच्या अहवालावर ‘बातुआ’, म्हणजे एकरूप प्रमाणभाषा, ठरवण्यास सुरुवात झाली. पाया मध्यवर्ती बोलींचा.

सर्वांत मोठे भांडण ‘ह’ या एका अक्षरावरून झाले. फ्रान्सकडचे लोक तो उच्चारतात, स्पेनकडचे उच्चारत नाहीत. लिहायचा की नाही यावरून घराघरांत, वर्तमानपत्रांत, पक्षांत फूट पडली. धार्मिक जुने विरुद्ध डावे तरुण असा त्याला रंग चढला. अखेर ‘ह’ राहिला. आज सान सेबास्तियानचे मूल तो लिहिते आणि बोलताना गाळते, यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

फ्रांकोनंतर १९७९ च्या स्वायत्तता कायद्याने बिस्काया, गिपुस्कोआ आणि आराबात बास्कला स्पॅनिशच्या बरोबरीचा दर्जा मिळाला, १९८२ च्या अखेरीस बास्क दूरचित्रवाणी सुरू झाली, आणि बास्क माध्यमाच्या शाळा सरकारी व्यवस्थेत आल्या. बेर्नार्दो आचागा यांच्या ‘ओबाबाकोआक’ या पुस्तकाला १९८९ मध्ये स्पेनचा राष्ट्रीय कथासाहित्य पुरस्कार मिळाला. आपल्या कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबाशी नाते सांगावे असा ‘बेर्त्सो’ हा आशुकवितेचा प्रकार दर चार वर्षांनी अंतिम फेरीला चौदा हजारांच्या आसपास श्रोते जमवतो. व्यासपीठावर विषय मिळतो, आणि कवी काही क्षणांत चाल, यमक आणि शेवटची कलाटणी जुळवून गातो. २००९ साली मायालेन लुहान्बिओ ही स्पर्धा जिंकणारी पहिली स्त्री ठरली.

आकडेही बोलतात. त्या तीन प्रांतांत १९९१ साली सोळा वर्षांवरील सुमारे २४ टक्के लोकांना बास्क येत होती. २०२१ मध्ये ३६ टक्क्यांना. सोळा ते चोवीस वयाच्या तरुणांत हे प्रमाण एक चतुर्थांशावरून तीन चतुर्थांशाच्या आसपास गेले. फ्रान्सच्या बाजूला मात्र उलटे. तिथे बास्कला अधिकृत दर्जा नाही, म्हातारे जात आहेत, आणि बास्क माध्यमाच्या शाळा पालकांच्या ‘सेआस्का’ या संघटनेने १९६९ पासून चालवल्या आहेत. मे २०२१ मध्ये फ्रान्सच्या घटना परिषदेने संपूर्ण प्रादेशिक भाषेतून शिक्षण देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली, तेव्हा बायोनमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले.

स्पेनच्या बाजूची अडचण वेगळी. भाषा येणारे वाढले, बोलणारे त्या मानाने वाढले नाहीत. रस्त्यावरची संभाषणे ऐकून केलेल्या २०१६ च्या मोजणीत सगळ्या बास्क प्रदेशात बास्कचा वाटा १२.६ टक्के निघाला. मुले वर्गात बास्क बोलतात आणि मैदानावर स्पॅनिश. चार जणांच्या टोळक्यात एकाला जरी बास्क येत नसली तरी चौघेही स्पॅनिशकडे वळतात, आणि एकदा दोन मित्रांची आपसातली भाषा ठरली की ती वर्षानुवर्षे बदलत नाही. हीच सवय मोडण्यासाठी २०१८ मध्ये ‘एउस्काराल्दिया’ सुरू झाला. ठरावीक काही दिवस लोक छातीवर बिल्ला लावून फिरतात. ‘आहोबिसी’ असे लिहिलेल्याने समोरच्याला कळत असेल तर बास्कच बोलायची. ‘बेलारीप्रेस्त’वाल्याला बोलताना अडखळायला होते, पण ऐकून समजते, तो उत्तर कोणत्याही भाषेत देवो, त्याच्याशी बास्कमध्येच बोलत राहायचे. पहिल्याच वर्षी सुमारे सव्वादोन लाख लोकांनी बिल्ले लावले. दुकानदार, परिचारिका, बसचालक, आणि आजवर मुलांशी स्पॅनिशच बोलत आलेले आईबापही त्यांत होते.